न गंजलेलं लोखंड

लक्ष्मण पेडेकरच्या वर्षश्राद्धाला रेवती चौलकर पुण्याहून सारवली बंदरात आली, ती मनाशी ठरवूनच, की पंगतीला बसायचं नाही. लक्ष्मणची बायको सुगंधा तिची बालमैत्रीण. दोघी एका बाकावर शिकल्या होत्या, एकाच होडीतून पाण्यात पडून दोघींनी गटांगळ्या खाल्ल्या होत्या. पण लक्ष्मणचा जीव ज्या बोटीवर गेला तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, होता रेवतीचा सख्खा मोठा भाऊ जयवंत. आणि साऱ्या बंदराच्या मते लक्ष्मण गेला तो जयवंतच्याच हातून. अशा घरात पानावर बसायचं ते कुठल्या तोंडानं?

सुगंधानंच तिला दंडाला धरून बसवलं आणि स्वतः वाढलं.

"जेव गो. भाऊ तुझा असला म्हणून तुझा काय दोष? वर्षभर तूच एक महिन्याच्या महिन्याला येत राहिलीस. बाकीच्यांचे तर फोनसुद्धा बंद झाले."

 पानातला वडा पाण्याच्या घोटाबरोबर ढकलून रेवती उठली आणि भावाला शोधायला निघाली.

जयवंत किनाऱ्यावरच्या मांडवात सापडला. पावसाळा तोंडावर आल्यानं बोटी वर ओढून शाकारायचं काम आजूबाजूला चाललं होतं आणि तो एकटा कुणा दुसऱ्याचं जाळं सांधत बसला होता. एके काळी लांबच्या पाण्यात जाऊन बोट भरून आणणारा हा तांडेल. वर्षभरात त्यानं पाण्यात घोटाही बुडवला नव्हता.

"पंगत झाली?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"झाली. दादा, घरी चल. वहिनी वाट बघतेय."

"सुगंधा जेवली?"

"तिनं सगळ्यांना आग्रह करून वाढलं."

"ती जेवली का, ते विचारतोय."

रेवतीनं ते पाहिलंच नव्हतं. ती बसायला काही दिसतंय का म्हणून मांडवाबाहेर पडलेल्या एका लोखंडी धुडाकडे गेली, आणि जवळ गेल्यावर तिनं ते ओळखलं. तो त्यांच्याच बोटीचा विंच होता, जाळ्याची पोलादी वायर गुंडाळणारं यंत्र. चौकशी संपल्यावर सरकारी माणसांनी तो परत आणून टाकला होता आणि अपशकुनी म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता. अख्खा पावसाळा आणि वर्षाची खारी हवा त्यानं खाल्ली होती. बोट लावावं तिथं गंजाची खपली हातात येत होती.

फक्त एक जागा सोडून. ब्रेकच्या ड्रमची कड, जिच्याभोवती ब्रेकचा पट्टा आवळला जातो ती चार बोटं रुंद पट्टी, घासलेल्या ताटासारखी लखलखत होती.

रेवती वाकून पाहतच राहिली. समुद्रकाठी उघडं पोलाद रात्रीतून तांबूस होतं, हे बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि सगळ्यात आधी गंजायला हवी ती हीच पट्टी, कारण ब्रेक पकडावा म्हणून तिथं रंग देत नाहीत, तेल लावत नाहीत. तिनं बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. पर्समधून किल्ली काढून टोकानं जोर देऊन ओरखडा काढू पाहिला. किल्ली काचेवरून घसरावी तशी घसरली.

लोखंडावर असं कातडं चढवणारी एकच वस्तू तिला ठाऊक होती. ती तिनंच बनवली होती.

*

लोखंडाचा कितीही गुळगुळीत केलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात सह्याद्रीच्या रांगा दिसतात. यंत्रात असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात, म्हणजे एका डोंगररांगेवर दुसरी उलटी ठेवून ओढावी तसंच. मध्ये तेलाचा थर असेल तर शिखरं एकमेकांना शिवत नाहीत. यंत्र वेगात असलं की तेल आपसूक आत ओढलं जातं. पण गती मंद आणि भार मोठा असला, की तेल बाहेर दाबलं जातं, शिखरं शिखरांवर आदळतात, क्षणभर चिकटतात आणि तुटतात. यालाच झीज म्हणतात. जगातली निम्मी यंत्रं मोडून नाही, झिजून मरतात.

रेवतीनं बनवलेल्या तेलात असे रेणू होते की शिखरांच्या घर्षणातून निघणाऱ्या उष्णतेनंच ते एकमेकांत गुंफले जात आणि तिथल्या तिथं एक पातळ, टणक, निसरडं कातडं तयार होई. कातडं फाटलं की त्या जागेची उष्णता आजूबाजूच्या रेणूंना बोलावून घेई. जखमेवर खपली धरावी तशी लोखंडावर ती धरे. जिथं घासतं तिथं ते जातं आणि तिथंच ते वाढतं, हीच त्याची सारी करामत. पुण्याच्या संशोधन संस्थेचे संचालक डॉ. सबनीस यांना संस्कृतची हौस. स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे मायाही, म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'चिरस्नेह'. पुढच्या काही वर्षांत पवनचक्क्यांपासून बंदरांवरच्या क्रेनपर्यंत सगळीकडे ते पोचलं. यंत्रांची झीज जवळपास थांबली.

त्याचा पहिला डबा रेवतीनं भावाला दिला होता. खाऱ्या पाण्यानं विंचचे बेअरिंग दर मोसमात खलास व्हायचे, ते झिजायचेच थांबले. जयवंतनं ते बंदरभर मिरवलं. "माझ्या बहिणीचं तेल," तो प्रत्येकाला सांगे आणि आपल्या हातानं ओतून देई.

मग तो दिवस आला. खोल पाण्यात जाळं खडकाला अडकलं. वायर ताठ झाली. जयवंतनं ब्रेकचा दांडा ओढून धरला आणि बोटीचा भागीदार लक्ष्मण कप्पीत अडकलेला वायरचा वळसा सोडवायला मागच्या कठड्याशी गेला. लाटेनं बोट उचलली, ड्रम फिरला, वायर सणसणत सुटली. लक्ष्मणचा पाय वळशात होता. तो वायरबरोबरच पाण्यात गेला.

चौकशी तशी माणसांनी केलीच नाही. वायरचा ताण आणि सुटण्याचा वेग विंचमधल्या संवेदकांनी नोंदवला होता. सरकारी संगणकानं ती नोंद घेतली, पोलाद आणि ब्रेकचा पट्टा यांच्यातल्या घर्षणाचा ठरलेला आकडा त्यात घातला आणि उत्तर दिलं, की ब्रेकवर पडायला हवा होता त्याच्या पाव जोरही पडला नव्हता. ड्रमवर तेल सांडलंय का पाहिलं, तर तो कोरडा. म्हणजे तांडेलानं हात ढिला सोडला.

"मी अख्ख्या अंगाचं ओझं टाकलं होतं त्या दांड्यावर," जयवंत सांगत राहिला. "लोंबकळत होतो मी."

देवळासमोर गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, आपली रेवती घर्षणातलीच डॉक्टर आहे, तिला बघू द्या. रेवतीनं अहवाल वाचला, आकडेमोड पडताळली, पुन्हा पडताळली. मग सगळ्यांच्या देखत, शक्य तेवढ्या हळुवारपणे ती म्हणाली होती, "गणित बरोबर आहे, दादा."

जयवंतनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानंतर, मी ब्रेक दाबला होता, असं तो कधी म्हणाला नाही. होता होता त्याला आठवायलाही तसंच लागलं. हात थरथरला. पकड सुटली.

*

रेवतीनं ड्रमची कड कापून पुण्याला नेली. जयवंतनं का म्हणूनही विचारलं नाही.

प्रयोगशाळेत हलक्या भाराला पट्टा नीट पकडत होता. जोर वाढवला, तरीही पकडत होता. पण समुद्राच्या लाटेसारखा एकदम झटका दिला, की कातडं चेतल्यासारखं निसरडं होई आणि घर्षणाचा आकडा कोसळून जवळपास शून्यावर येई. बेअरिंगपासून ड्रमपर्यंतच्या दांड्यावर रेणूंचा माग स्पष्ट मिळाला. खाऱ्या दमटपणाचा आधार घेत, महिनोन् महिने, ते लोखंडावरून सरपटत गेले होते. जाणारच होते. ब्रेकही घासतोच, किंबहुना सगळ्यात जास्त तोच घासतो. इथलं घासणं हवंहवंसं आहे, त्यावरच माणसाचा जीव टांगलेला आहे, हे त्या बिचाऱ्या रेणूंना कुणी शिकवलं होतं?

मशीन बंद करताना रेवतीला आणखी एक गोष्ट आठवली आणि तिचे कान तापले. चिरस्नेहच्या चाचण्या चालू असताना नमुना धरून ठेवणारा नट सारखा ढिला व्हायचा. त्यासाठी तिनं केतकी नावाच्या मदतनीस मुलीला सगळ्यांसमोर झापलं होतं, "आवळताना लक्ष कुठं असतं तुझं?" नटही घर्षणावरच टिकून राहतो. तेव्हाही लोखंड सांगत होतं, आणि तेव्हाही तिनं माणसालाच दोष दिला होता.

डॉ. सबनीसांनी निष्कर्ष दोनदा वाचले.

"हा एकच विंच आहे, रेवती. एका नमुन्यावर देशभर घबराट माजवायची? आपण समिती नेमू. वर्षअखेरीस अहवाल देऊ."

"ऑगस्टमध्ये पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठेल, सर. बोटी सुटतील. प्रत्येक विंचमध्ये हेच तेल आहे."

सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. "तू हे जाहीर केलंस, की लोक विचारतील, पहिला बळी कोण? आणि त्याचा ठपका ज्याच्यावर आला तो कोण? दोन्ही उत्तरं तुझ्याच माणसांत निघतात. तुला वाचवायला मी काही करू शकणार नाही."

"वाचवा असं मी म्हणतच नाहीये."

"मी तुला थांबवत नाही," ते चष्मा पुन्हा चढवत म्हणाले. "पण पाठीशीही उभा राहू शकत नाही. एवढं लक्षात ठेव."

रेवतीनं स्वतःच निष्कर्ष मत्स्यविभागाला आणि वर्तमानपत्रांना धाडायचे ठरवले. त्याआधी दोन माणसांना हे आपल्या तोंडून कळायला हवं, म्हणून रेवती सारवलीला निघाली. वाटेत तिनं बोलायची वाक्यं जुळवली. बंदर दिसू लागलं तेव्हा त्यातलं एकही तिला धड आठवत नव्हतं.

*

जयवंत मांडवातच होता. बाहेर पाऊस लागला होता.

"दादा, तू ब्रेक दाबला होतास."

त्याच्या हातातली सुई थांबली. रेवतीनं सगळं सांगितलं. तेल कसं सरकलं, कडेवर कसं चढलं, आणि लाटेचा झटका बसल्यावर काय झालं.  तिचं संपल्यावर त्यानं दोन्ही हात पुढं धरले, पालथे केले, उताणे केले.

"म्हणजे मी धरला होता."

"पूर्ण जोरानं. तुझ्या जागी कुणीही असता तरी ड्रम थांबला नसता."

तो रडेल किंवा उठून ओरडेल असं तिला वाटलं होतं. तसं त्यानं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग देवळासमोर तू, गणित बरोबर आहे, असं का म्हणालीस?"

"गणित बरोबरच होतं. त्यातला घर्षणाचा आकडा चुकीचा होता. तो तपासावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुस्तकातला आकडा होता, दादा."

"आणि मी तुझ्यासमोर उभा होतो."

मांडवाच्या पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"मी सुगंधाचे पाय धरले गो," तो म्हणाला. "माझ्या हातून झालं, असं तोंडानं कबूल केलं. तिला एवढा तरी आधार होता की कुणाचा राग करायचा ते ठाऊक आहे." त्यानं सुई उचलली आणि तशीच खाली ठेवली. "तिला तूच सांग. मी गेलो तर वाटेल, स्वतःची मान सोडवायला आलोय."

सुगंधा घरी वाळवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. रेवतीला पाहून तिनं पाट सरकवला. रेवती पाटावर बसली नाही, समोर जमिनीवर बसली आणि सांगू लागली. ऐकताना सुगंधाचे हात थांबले नाहीत. चांगले सोडे टोपलीत, तुटके सुपात.

"म्हणजे हे तुझ्या तेलानं गेले."

"हो."

"आणि तुला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं. पण ठाऊक असायला हवं होतं. माझं कामच ते आहे."

आता सुगंधाचे हात थांबले. "जयवंतदादाच्या दारावरून जाताना मी रोज थुंकायचे. मुद्दाम, त्याच्या बायकोला दिसेल असं. आणि तू आलीस की तुझ्या गळ्यात पडून रडायचे." तिनं सूप बाजूला सारलं. "तू ऊठ आता. तुला शिव्या द्यायच्या नाहीत मला, आणि तू अशीच समोर बसलीस तर माझ्या तोंडून जातील. ऊठ."

रेवती उठली.

*

बातमी फुटल्यावर व्हायचं ते सगळं झालं. क्रेन थांबल्या, कित्येक इमारतींच्या लिफ्ट बंद ठेवून तपासाव्या लागल्या. दोन ठिकाणी ब्रेकच्या कडा तशाच लखलखीत सापडल्या आणि पुढचे अपघात टळले. चिरस्नेहचं काम रेवतीकडून काढून घेतलं. कुणी तिच्यावर खटला भरला नाही. तिनं तर त्याचीही तयारी ठेवली होती.

ते कातडं धुऊन निघत नसे. रॉकेल, साबण, रसायनं, कशालाच ते दाद देईना. ज्योतीनं लोखंड निळं पडेस्तोवर तापवायचं आणि मग खरकागदानं घासून काढायचं, एवढा एकच उपाय. रेवतीनं रजा टाकली आणि ज्योत फेकणारी बत्ती घेऊन बंदरं पालथी घातली. पावसात ताडपत्रीखाली बसून ती एकेक ड्रम घाशी. बोटांची सालं गेली. लोक चहा आणून देत. एका बंदरावरचा म्हातारा नाखवा म्हणाला, "ताई, स्वतःहून सांगितलंत. मोठं मन लागतं त्याला." ती त्या दिवशी जेवली नाही. शिव्या परवडल्या असत्या. लोकांचं हे चांगलं बोलणं ऐकलं की तिला वाटे, आपण काहीतरी चोरून नेतो आहोत.

बंदी उठायच्या आधीच्या आठवड्यात सुगंधा जयवंतच्या दारात जाऊन उभी राहिली. रेवती तेव्हा आत, वहिनीपाशी होती.

"दादा, बोट पाण्यात घालायची आहे. अर्धा भाग आमचा आहे तिच्यात."

"नवा विंच बसवून देतो," जयवंत आतूनच म्हणाला. "तांडेल दुसरा बघ."

"दुसरा नको मला."

"सुगंधा, माझ्याच्यानं होणार नाही."

सुगंधानं पायरीकडे पाहिलं. "इथं थुंकले मी वर्षभर. आता इथंच बसते. तू हो म्हटल्याशिवाय उठायची नाही." आणि ती खरोखरच पदर खोचून ओल्या पायरीवर बसली. वहिनी धावत बाहेर गेली, तिला आत ओढू लागली, आणि ओढता ओढता दोघीही रडायला लागल्या. जयवंत भिंतीला टेकून उभा होता. शेवटी त्यानं खुंटीवरची टोपी काढली आणि दोघींच्या मधून वाट काढत बोटीकडे चालू लागला.

बोट सुटायच्या दिवशी आभाळ उघडलं होतं. धक्क्यावर गर्दी होती. रेवती गर्दीच्या मागे, बर्फाच्या पेट्यांपाशी उभी होती. कुणी तिला पुढं ये म्हणालं नाही आणि तिलाही जायचं नव्हतं. जयवंतनं खलाशांना बाजूला केलं, वायर थोडी सोडली आणि ब्रेकचा दांडा ओढला. कानाचे पडदे फाटावेत अशी किंकाळी फोडून ड्रम जागच्या जागी थांबला. लोक कानांवर हात ठेवून हसले. जयवंतनं पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. पुन्हा तीच किंकाळी. तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी सैल झालेलं रेवतीला इतक्या लांबूनही दिसलं.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला जाणवलं. सुगंधा होती. मध्ये हातभर अंतर ठेवून, बोटीकडे बघत.

"ब्रेक असाच ओरडायचा का गो पूर्वी?"

"ओरडायचा. पकडतो म्हणून ओरडतो."

 बोटीनं धक्का सोडला.

"हे गेले त्या मोसमात बंद झाला होता ओरडायचा," सुगंधा म्हणाली. "हे घरी येऊन सांगत होते, रेवतीच्या तेलानं ब्रेकसुद्धा कसा गप झालाय बघ. खूप कौतुक वाटलं होतं त्यांना. तुला फोन लावत होते त्याच वेळी. मीच म्हटलं, ती कामात असेल, नंतर सांगा." बोटीवरची नजर तिनं काढली नाही. "तुझं ऐकल्यापासून हेच चाललंय माझ्या मनात. तेव्हा करू दिला असता फोन, तर?"

रेवतीनं डोळे मिटले. फोन वाजला असता. लक्ष्मणचा मोठा, मोकळा आवाज आला असता. ब्रेक का गप झाला असेल, असा प्रश्न त्या क्षणी पडला असता का तिला? तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, त्या वर्षी ती स्वतः कशी होती ते. सत्कारांच्या शाली घडी करून कपाटात ठेवणारी.

"केला असता, तरी मी नुसती हसले असते," ती म्हणाली. "खूश झाले असते गो. त्यांना थँक्यू म्हणून फोन ठेवला असता."

ते खरं होतं. आणि सुगंधाला त्या 'तर'मधून सोडवायला तिच्यापाशी याखेरीज दुसरं काहीच नव्हतं.